ऐकण्याची विद्या : मानसशास्त्रीय प्रशिक्षण-चिकित्सालयांचा इतिहास

मोठ्या रुग्णालयात तपासायला आलेला डॉक्टर कोवळ्या वयाचा दिसला, की आपल्या मनात पहिली शंका येते ती हीच, की हा शिकाऊ तर नव्हे? ताप, खोकला, हाताची जखम अशा दुखण्यांत आपण मनाची कशीबशी समजूत घालतो, कारण त्याच्यामागे मोठे डॉक्टर उभे असलेले आपल्याला दिसत असतात. पण दुखणे मनाचे असेल तर? अभ्यासात मागे पडलेले मूल, रात्र रात्र जागणारी सून, अबोल झालेला तरुण मुलगा, यांची कथा ज्या खोलीत सांगायची त्या खोलीचे दार बंद असते. आत दोनच माणसे, आणि त्यांतले एक शिकाऊ! घरातली जी गोष्ट आपण सख्ख्या भावालाही सांगितली नाही, ती पंचविशीतल्या एका विद्यार्थ्यापुढे का उघडी करावी?

ही शंका आम्हांला रास्त वाटते. किंबहुना ज्या संस्थेविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, तिचा सारा इतिहास म्हणजे या एकाच शंकेला दिलेली उत्तरे होत. विद्यापीठातील मानसशास्त्र विभागाला जोडलेले प्रशिक्षण-चिकित्सालय ही ती संस्था. येथे विद्यार्थी खऱ्याखुऱ्या माणसांची खरी दुःखे ऐकतात, त्यांच्यावर उपचार करतात आणि एक ज्येष्ठ चिकित्सक त्या प्रत्येक भेटीचा हिशेब घेतो. त्या ज्येष्ठाला पर्यवेक्षक म्हणतात. विद्यार्थी आणि पर्यवेक्षक यांचे नाते कसे घडत गेले, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

या कथेचा आरंभ १८९६ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी झाला. पेन्सिल्वेनिया विद्यापीठात लाइटनर विट्मर नावाचे एक तरुण प्राध्यापक मानसशास्त्र शिकवीत. जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत ते शिकले होते. त्या काळचे मानसशास्त्र म्हणजे प्रयोगशाळेतील शास्त्र. प्रकाश दिसल्यापासून बोट हलेपर्यंत किती काळ जातो, दोन वजनांतला फरक हाताला केव्हा कळतो, असल्या मोजमापांत ते रमलेले होते. विट्मर यांच्या वर्गात मार्गारेट मॅग्वायर नावाच्या एक शाळाशिक्षिका येत असत. त्यांच्या शाळेत चौदा वर्षांचा एक मुलगा होता. समज चांगली, विचार करण्याची शक्ती चांगली, पण शब्दांचे वर्णलेखन काही केल्या जमत नसे. मन कसे चालते याचे एवढे शास्त्र जर असेल, तर त्याने या मुलाला हात द्यायला नको काय, असा त्या शिक्षिकेचा साधा प्रश्न होता. त्या मुलाला घेऊनच विट्मर यांच्याकडे आल्या.

विट्मर यांनी ग्रंथ चाळले. त्यांत उत्तर नव्हते. मग त्यांनी मुलाला नीट तपासले. त्याच्या दृष्टीत दोष आढळला, तेव्हा चष्मा करवून दिला आणि त्यानंतर खास शिकवणीची व्यवस्था केली. या एका मुलापासून जगातील पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू झाले असे मानतात. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टन येथे भरलेल्या मानसशास्त्रज्ञांच्या वार्षिक सभेत विट्मर यांनी आपली योजना मांडली. शास्त्राने माणसाच्या उपयोगी पडावे आणि विद्यार्थ्यांनी हे काम प्रत्यक्ष माणसांत शिकावे, असे त्यांचे म्हणणे होते. वडीलधाऱ्या शास्त्रज्ञांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. पण विट्मर थांबले नाहीत. पुढल्या वर्षी त्यांनी उन्हाळी वर्ग घेतला. १९०७ मध्ये ‘द सायकॉलॉजिकल क्लिनिक’ हे नियतकालिक काढले आणि त्याच्या पहिल्या अंकात या नव्या विद्याशाखेचे नामकरण केले : ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’, म्हणजे चिकित्सा-मानसशास्त्र.

‘क्लिनिक’ हा शब्द आज आपल्या गावोगावच्या पाट्यांवर आहे. त्याचे मूळ ग्रीक भाषेत असून त्या मूळ शब्दाचा अर्थ खाट किंवा शय्या असा होतो. रुग्णाच्या खाटेशी उभे राहून जे शिकायचे, ते क्लिनिकल. विट्मर यांनी वैद्यकाकडून हा शब्द घेतला तो याच अर्थाने. त्यांच्या चिकित्सालयात विद्यार्थ्यांसमोर मुलाची तपासणी होई. गुरू प्रश्न कसा विचारतो, मूल गडबडले तर केव्हा थांबतो, हे शिष्य पाहत. तबला असो वा सुतारकाम, आपल्याकडेही विद्या अशीच हातांतून हातांत गेली आहे. आधी बघायचे, मग हात चालवायचा.

येथे आपल्या वाचकांना आपुलकीची वाटेल अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वुंट यांच्याच प्रयोगशाळेत एडवर्ड पेस नावाचे एक कॅथोलिक धर्मगुरूही शिकले होते. १८९१ मध्ये तेथील पदवी घेऊन ते वॉशिंग्टनच्या कॅथोलिक विद्यापीठात परतले आणि तेथे त्यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. त्यांचे शिष्य फादर थॉमस व्हर्नर मूर हे मानसशास्त्रज्ञ होतेच, पुढे ते वैद्यकाचेही पदवीधर झाले. १९१६ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमधील प्रॉव्हिडन्स रुग्णालयात मानसिक व मज्जाविकारांच्या रुग्णांसाठी चिकित्सालय उघडले. मनाच्या दुखण्याकडे शास्त्राच्या डोळ्यांनी पाहिले तर श्रद्धेला बाध येईल, अशी भीती त्या काळी अनेकांना वाटे. फादर मूर यांनी वाद घालण्याऐवजी रुग्ण तपासले.

आतापर्यंतच्या हकिकतीत शिष्य गुरूकडे पाहत होता. गुरूने शिष्याकडे पाहण्याची रीत पडली ती १९२० मध्ये, बर्लिन शहरी. पहिले महायुद्ध संपले होते, शहरात दारिद्र्य होते. सिग्मंड फ्रॉइड यांचे अनुयायी मॅक्स आयटिंगॉन व एर्न्स्ट झिमेल यांनी तेथे मनोविश्लेषणाचे एक सार्वजनिक चिकित्सालय काढले. ज्याला जेवढे परवडेल तेवढेच त्याने द्यावे आणि काहीच परवडत नसेल तर फुकट यावे, असा तेथील शिरस्ता. ही संस्था विद्यापीठाची नव्हती, परंतु विद्यापीठांनी पुढे जी घडण उचलली ती येथे तयार झाली. विद्यार्थ्याने तीन गोष्टी करायच्या : स्वतःच्या मनाचे विश्लेषण करून घ्यायचे, ग्रंथांचा अभ्यास करायचा आणि रुग्णावर उपचार करताना प्रत्येक भेटीची तपशीलवार टिपणे ज्येष्ठापुढे ठेवायची. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ही ज्यू मंडळी देशोधडीला लागली. त्यांच्याबरोबर ही पद्धतही इंग्लंड-अमेरिकेत पोहोचली.

तेव्हा एक वाद निर्माण झाला. विद्यार्थी ज्याच्यापुढे स्वतःचे मन उघडे करतो, त्यानेच त्याच्या कामाचे पर्यवेक्षण करावे काय? बुडापेस्टच्या मंडळींचे म्हणणे, होय, करावे. त्याला आतून ओळखणारा दुसरा कोण आहे? बर्लिन-व्हिएन्नाकडील मंडळी म्हणत, नको, दोन कामांसाठी दोन माणसे हवीत. कारण जो आपल्याला उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण करणार, त्याच्यापुढे मन मोकळे कसे करायचे? कालांतराने दुसरे मत बहुतेक ठिकाणी मान्य झाले.

हे वाचताना आम्हांला ख्रिस्तसभेच्या एका जुन्या शहाणपणाची आठवण झाली. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९८५ वे कलम सांगते, की सेमिनरीच्या रेक्टरने त्याच घरात राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन ऐकू नये. एखाद्या विद्यार्थ्याने आपणहून तशी विनंती केली तरच तो अपवाद. गुरुदीक्षेसाठी कोणाला योग्य ठरवायचे हे ज्या वेळी ठरते, त्या वेळी त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे वा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचे मत विचारू नये, असेही २४० वे कलम बजावते. मन ऐकणारा निराळा आणि योग्यता ठरविणारा निराळा. दोन वेगळ्या वाटांनी चाललेली माणसे एकाच निष्कर्षाला आली, याचा अर्थ त्या निष्कर्षात मनुष्यस्वभावाची खरी पारख आहे.

तरीही एक त्रुटी राहिलीच. पर्यवेक्षकाला कळे ते विद्यार्थी सांगेल तेवढेच. आणि कोणता विद्यार्थी आपली चूक नेमकी सांगेल? त्यात लबाडीच असते असे नाही. आपण कोणाला तोडून बोललो, कोणाचे वाक्य अर्ध्यावर छाटले, हे बोलणाऱ्याला आठवतच नाही. ही अडचण दूर केली कार्ल रॉजर्स यांनी. तरुणपणी ते धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी न्यूयॉर्कच्या एका सेमिनरीत होते. नंतर मानसशास्त्राकडे वळले आणि १९४० मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी उपचाराच्या भेटी ध्वनिमुद्रित करण्यास प्रारंभ केला. आजच्यासारखी सोपी यंत्रे तेव्हा नव्हती. तबकड्यांवर मुद्रण करायचे, एकीवर थोडीच मिनिटे मावत, मग ती बदलायची. इतका खटाटोप करून १९४२ मध्ये त्यांनी आपल्या ग्रंथात एका उपचाराच्या आठही भेटी शब्दशः छापल्या. अर्थातच रुग्णाचे नाव बदलून. बंद दारामागे काय घडते, हे जगाला प्रथमच असे साद्यंत वाचायला मिळाले.

त्या तबकड्यांनी अनेकांची फजिती केली. स्मरणाने लिहिलेली टिपणे व प्रत्यक्ष संभाषण यांची तुलना झाली, तेव्हा कितीतरी मजकूर टिपणांत आलाच नव्हता, असे आढळले. उपदेशाची सवय असलेले सल्लागार दुःखी माणसाला बोलू देण्याऐवजी स्वतःच अधिक बोलतात, हेही कानांनी ऐकायला मिळाले. आपण फार चांगले ऐकतो अशी ज्यांची खात्री होती, त्यांना आपलाच आवाज ऐकण्याची पाळी आली. घराघरांत वडीलधारी म्हणून सल्ला देणाऱ्या आपणा सर्वांच्या बोलण्याची अशी एखादी तबकडी निघाली तर काय होईल, हा विचार आम्हांला काही काळ अस्वस्थ करून गेला.

दुसऱ्या महायुद्धाने या प्रश्नाचा आकार एकाएकी वाढविला. रणांगणावरून परतलेल्या कितीतरी सैनिकांची शरीरे धड होती, मने मात्र विदीर्ण झालेली होती. मनोचिकित्सकांची संख्या पुरी पडेना. अमेरिकन सरकारच्या माजी सैनिक विभागाने १९४६ पासून विद्यापीठांच्या साह्याने मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देण्याची मोठी योजना हाती घेतली. मग हे शिक्षण कसे असावे हे ठरविण्यासाठी १९४९ च्या ऑगस्ट महिन्यात कोलोरॅडोमधील बोल्डर या गावी एक परिषद भरली. विद्यार्थी शास्त्रज्ञ व्हावा आणि चिकित्सकही व्हावा, त्याने संशोधन करावे आणि एक वर्ष पूर्ण वेळ रुग्णसेवेतही काढावे, असा तिचा निर्णय झाला. त्यानंतर विद्यापीठांतून प्रशिक्षण-चिकित्सालये रुजत गेली.

या चिकित्सालयांत आठवड्याचा क्रम साधारणपणे असा असतो. विद्यार्थी आलेल्या व्यक्तीला पहिल्याच भेटीत सांगतो, की मी शिकत आहे, माझे काम अमुक पर्यवेक्षक पाहतात, आणि आपली संमती असेल तरच संभाषण मुद्रित केले जाईल. भेट पाऊण तास, पन्नास मिनिटांची. नंतर पर्यवेक्षकाबरोबर बैठक. मुद्रण मध्येच थांबवून पर्यवेक्षक विचारतो, ‘ती बाई येथे थबकल्या. तुम्ही लगेच विषय का बदलला?’ पुष्कळदा प्रामाणिक उत्तर एकच असते : ‘मला भीती वाटली.’ हे उत्तर विद्यार्थ्याला मोकळेपणाने देता आले, तर शिक्षण सुरू झाले म्हणायचे.

हॅरॉल्ड सर्ल्स या अमेरिकन मनोविश्लेषकांनी १९५५ मध्ये एक सूक्ष्म गोष्ट नजरेस आणली. रुग्ण आणि विद्यार्थी यांच्यामध्ये जे घडते, त्याची सावली विद्यार्थी आणि पर्यवेक्षक यांच्या बैठकीवर पडते. हताश माणसाचे ऐकून आलेला विद्यार्थी पर्यवेक्षकापुढे स्वतःच हताश होऊन बसतो. पर्यवेक्षक त्याच्यावर चिडला, तर पुढच्या भेटीत विद्यार्थी रुग्णावर चिडण्याचा संभव असतो. याउलट त्याला धीराने ऐकून घेतले, तर तो धीर पुढे रुग्णापर्यंत पोहोचतो. ऐकणाऱ्यालाही कोणीतरी ऐकून घ्यावे लागते. ही सारी व्यवस्था या एका गोष्टीवर उभी आहे, असे आम्हांला वाटते.

परंतु ज्येष्ठ म्हणजे निर्दोष नव्हे. या इतिहासातले एक काळे पान उलटल्याखेरीज तो पुरा होणार नाही. १९६९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आरोग्य केंद्रात एक भारतीय विद्यार्थी उपचार घेत होता. एका तरुणीवर त्याचे एकतर्फी प्रेम होते. ती परदेशातून परत आली की आपण तिला ठार करू, असे त्याने आपल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितले. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना लेखी कळविले. पोलिसांनी त्या तरुणाला ताब्यात घेतले आणि तो शुद्धीवर दिसतो म्हणून सोडून दिले. त्यानंतर मानसशास्त्रज्ञाच्या वरिष्ठांनी ते पत्र परत मागविले, पत्राच्या प्रती व उपचाराची टिपणे नष्ट करण्यास सांगितले आणि पुढील कारवाई थांबविली. त्या मुलीला वा तिच्या आईवडिलांना कोणीही सावध केले नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी तिचा खून झाला.

आईवडील न्यायालयात गेले. ‘टॅरासॉफ खटला’ म्हणून तो आज जगभर शिकविला जातो. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की रुग्णाचे गुपित राखणे हे कर्तव्य खरे. पण त्याच्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका उत्पन्न होत असेल, तर त्या दुसऱ्याचे रक्षण करण्यासाठी वाजवी ती काळजी घेणे हेही उपचारकाचे कर्तव्य आहे. आम्हांला या प्रकरणातली वेगळीच गोष्ट सलते. कनिष्ठाने धोका ओळखला होता. वरिष्ठाच्या एका शब्दाने त्याचा हात थांबला. पर्यवेक्षकाच्या हाती अधिकार आला की त्याबरोबर त्याची जबाबदारीही येते, हे येथे फार महागात पडून कळले.

वाचक म्हणतील, हे सारे परदेशातले झाले, आपल्याकडे काय? आपल्याकडेही ही परंपरा बरीच जुनी आहे. १९३६ मध्ये मुंबईत नागपाडा येथे क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिने बालमार्गदर्शन केंद्र उघडले आणि त्यात विद्यार्थी काम शिकू लागले. बंगळूरला १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि १९५५ पासून तेथे चिकित्सा-मानसशास्त्राचे पद्धतशीर प्रशिक्षण मिळू लागले. तिचे आजचे रूप म्हणजे ‘निमहान्स’. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणावे, याची व्याख्या आहे. तीत नुसती पदवी पुरेशी धरलेली नाही. दोन वर्षांच्या पूर्ण वेळ अभ्यासक्रमात पर्यवेक्षणाखालील प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा समावेश हवा, असे म्हटले आहे. त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने रुग्णाचे गुपित राखण्याचा हक्क मान्य केला आहे आणि दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल तेव्हा आवश्यक तेवढीच माहिती देण्याची मुभाही ठेवली आहे. फिलाडेल्फियातील एक शिक्षिका आणि बर्कलीतील एक दुर्दैवी मुलगी यांनी उभे केलेले प्रश्न आपल्या कायद्यालाही असे हाताळावे लागले आहेत.

म्हणून पहिल्या शंकेकडे पुन्हा येऊ. आपल्या मुलाला घेऊन अशा केंद्रात जाण्याची वेळ आली, तर समोरचा शिकाऊ आहे एवढ्यावरून परत फिरू नये. मात्र काही गोष्टी संकोच न करता विचाराव्यात. याचे पर्यवेक्षक कोण? ते प्रत्यक्ष मुद्रण ऐकतात, की नुसत्या अहवालावर सही करतात? टिपणे कोणाच्या हाती राहतात? आणि वर्ष संपून हा विद्यार्थी निघून गेला, की आमच्या मुलाचे काय? हा शेवटचा प्रश्न लहान नाही. विद्यार्थ्याचे सत्र परीक्षेबरोबर संपते, रुग्णाचे दुःख काही परीक्षेचे वेळापत्रक पाहून संपत नाही. मोठ्या मुश्किलीने बोलू लागलेल्या मुलाला नवा चेहरा, नवा आवाज स्वीकारावा लागतो. चांगल्या केंद्रात हा निरोप काही आठवडे आधीपासून बोलला जातो आणि जुना विद्यार्थी नव्याची ओळख स्वतः करून देतो. जेथे हे होत नाही, तेथे मुलाला वाटते, की याही माणसाने आपल्याला टाकले.

शिकाऊ माणूस एकटा असेल तर तो धोक्याचा. पण ज्याचे काम कोणीच पाहत नाही, असा नावाजलेला तज्ज्ञही तितकाच धोक्याचा असू शकतो. आपले काम दुसऱ्याच्या डोळ्यांखाली ठेवण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्याकडे आपले दुःख घेऊन जायला हरकत नाही, मग त्याचे वय काहीही असो.

त्या चौदा वर्षांच्या मुलाला विट्मर यांच्या दारापर्यंत नेणारी एक साधी शाळाशिक्षिका होती. तिने त्याला ढ ठरविले नाही, आळशी म्हटले नाही, छडीही उगारली नाही. या मुलाचे काहीतरी वेगळे आहे आणि ते आपल्याला समजत नाही, एवढे तिने कबूल केले आणि ज्याला समजू शकेल त्याच्याकडे ती त्याला घेऊन गेली. आपल्या धर्मग्रामातल्या शाळांत, वर्गाच्या शेवटच्या बाकावर, असे एखादे मूल आजही बसलेले असेल. त्याला कोणाकडे तरी घेऊन जाणारे माणूस मात्र त्याला भेटले पाहिजे.